तोंडी तारीख, फुगलेले कपाट आणि कागदाचा अभाव

नृसिंहवाडी : घरातील भिंतीच्या मापाचे कपाट, स्वयंपाकघरातील ओट्याखालची खणांची रचना किंवा दुकानाचा काउंटर करून घ्यायचा असला की, सुतार येऊन माप घेतो, दर ठरतो, इसार दिला जातो आणि एक तारीख तोंडी सांगितली जाते. ती टळते, दुसरी सांगितली जाते, तीही टळते. अखेर काम उभे राहते तेव्हा दारे चौकटीत बसत नाहीत, सनमायक्याच्या कडा सुटू लागतात, खण ओढताना अडतात. ग्राहक उरलेली रक्कम अडवून धरतो, सुतार येणे बंद करतो आणि वाद चिघळतो. कायद्यात या वादावर पुरेसे उपाय आहेत. पण ते उपाय वापरण्यासाठी लागणारा कागद बहुतेक व्यवहारांत नसतो आणि खरे दुखणे तेच आहे.

हा अनुभव शहरांनाही नवा नाही. तथापि, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेल्या या तीर्थक्षेत्रात त्याला वेगळी धार येते. नदीचे पाणी दत्त मंदिरात येते तेव्हा भाविक दक्षिणद्वार सोहळ्याची पर्वणी साधतात. तेच पाणी पुढे वस्तीत शिरले की, घरोघरची कपाटे निकामी होतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत शिरोळ तालुक्याने हे भोगले आहे. पूर ओसरल्यावर सर्वांनाच एकाच वेळी सुतार हवा असतो. एकेका कारागिराकडे कामांची रांग लागते. हातचे गिऱ्हाईक सुटू नये म्हणून प्रत्येकाला जवळची तारीख दिली जाते आणि दिरंगाईची बीजे तेथेच रोवली जातात. शिवाय, पुरात भिजलेल्या भिंती वरून कोरड्या दिसल्या तरी आत ओल धरून असतात. अशा भिंतीला घाईने ठोकलेले कपाट पुढे वाकते. तेव्हा घाई कोणाची होती, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

तारखेला मोल केव्हा?

मुदत पाळली गेली नाही म्हणून करार आपोआप मोडत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, मुदत हा त्या कराराचा गाभा होता काय, हे पाहिले जाते. गाभा असेल तर मुदत चुकताच ग्राहकाला करार रद्द करता येतो. नसेल तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. पेढे, बासुंदी किंवा कवठाच्या बर्फीच्या दुकानाचा काउंटर दत्त जयंतीपूर्वी हवा असेल, तर नंतर तयार झालेल्या काउंटरचा त्या हंगामाला उपयोग नसतो. मात्र हे कारण आणि ही तारीख लेखी नमूद नसेल, तर ग्राहकाची बाजू लंगडी पडते.

याच कलमातील आणखी एक तरतूद अनेकांच्या ध्यानी येत नाही. मुदत गाभा असलेल्या करारात उशिरा झालेले काम ग्राहकाने मुकाट्याने स्वीकारले, तर त्या विलंबाची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. काम ताब्यात घेतानाच ‘भरपाईचा हक्क राखून स्वीकारत आहे’ असे कळवावे लागते. त्यासाठी दोन ओळींचे पत्रही पुरते.

दुकानदारही ग्राहकच

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने ग्राहकाला आपण राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली. सुतार वा कंत्राटदार परगावचा असला तरी नृसिंहवाडीच्या रहिवाशाला कोल्हापूरच्या आयोगात जाता येते. व्यवहार ५ लाख रुपयांपर्यंतचा असेल तर तक्रारीस शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते.

व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पण स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करणाऱ्याला कायद्याने सवलत दिली आहे. पुढे दुकान आणि मागे घर असलेल्या कुटुंबांसाठी हा मुद्दा कळीचा आहे. घरच्याच माणसांनी चालवलेल्या छोट्या दुकानाचा मालक ‘व्यापारी’ म्हणून परत पाठवला जाईलच, असे नाही.

कायद्याने निकालासाठी साधारण ३ महिन्यांची, तपासणीची गरज असल्यास ५ महिन्यांची मुदत सांगितली आहे. प्रत्यक्षात ती बहुधा ओलांडली जाते. म्हणूनच याच कायद्यातील मध्यस्थीची तरतूद अशा वादांना अधिक उपयुक्त ठरावी. कपाटाच्या वादात ग्राहकाला निकालपत्राहून सरळ बसणारी दारे अधिक हवी असतात.

प्लायवूड कोणाचे?

काम केवळ मजुरीवर दिले की मालासह, यावर जबाबदारी ठरते. प्लायवूड ग्राहकाने स्वतः आणले असेल आणि त्याचे थर सुटले, तर प्रश्न विक्रेत्याला आणि उत्पादकाला विचारावा लागतो. माल कंत्राटदाराने आणला असेल तर उत्तर त्यानेच द्यावयाचे. उकळत्या पाण्याची चाचणी पार करणाऱ्या मरीन प्लायवूडसाठी ‘आयएस ७१०’ हे भारतीय मानक आहे. दर मरीनचा आणि फळी साधी, ही फसवणूक बिलावर मानक क्रमांक आणि फळीवर शिक्का पाहून घेतल्यास बरीचशी टळते. अर्थात, मरीन प्लायवूड म्हणजे महापुराच्या गाळात दिवसेंदिवस बुडून राहण्याची हमी नव्हे, हेही ग्राहकाने समजून घेतले पाहिजे.

पुराव्याच्या बाबतीत ग्राहकाची सर्वांत मोठी चूक वेगळीच असते. संतापाच्या भरात तो दुसऱ्या सुताराकडून काम दुरुस्त करून घेतो आणि मूळ दोषाचा पुरावाच नष्ट होतो. दुरुस्तीपूर्वी तारखेसह छायाचित्रे, लेखी नोटीस आणि त्रयस्थ जाणकाराचा पाहणी अहवाल हवा.

सुताराची बाजू

प्रत्येक वादात सुतारच दोषी असतो, असे मानणे अन्यायाचे होईल. काम निम्म्यावर आल्यावर रचना बदलणारे, रंग पसंत नाही म्हणून शेवटचा हप्ता बुडवणारे ग्राहकही असतात. ग्राहक आयोगाचे दार मजुरी बुडालेल्या सुतारासाठी उघडत नाही. त्याला दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते आणि हातावर पोट असलेल्या कारागिराला ती परवडत नाही. बलुतेदारीत सुताराचे आणि गावाचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. बिघडलेले काम पुन्हा करून देणे त्याला चुकवता येत नसे, आणि त्याचा वाटा चुकवणे गावालाही सोपे नसे. त्या व्यवस्थेतील विषमता गेली हे योग्यच झाले. मात्र तिच्या जागी रोख व्यवहार आला तरी लेखी करार आला नाही.

त्यासाठी एक पानही पुरेसे आहे. मापांसह आराखडा, मालाचा प्रकार, मुदत आणि तिचे कारण, कामाच्या टप्प्यानुसार हप्ते, बदल झाल्यास वाढीव दर व दिवस, भिंतीत ओल असल्यास थांबण्याची अट आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. असा नमुना ग्रामपंचायतीने छापून ठेवला तर पुढील पुरानंतर त्याचा उपयोग गावालाही होईल आणि कारागिरांनाही. वाद तरीही उद्भवल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा आयोगही आहे. पण त्या दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जाईल : लेखी काय आहे?