तीस गुणांसाठी पुन्हा बसू द्या

फ्लोरिडात मी ओळखीच्यांच्या मुलांचं गणित घेते. एकीला एसएटीत १३१० गुण पडले. तिचे बाबा म्हणाले, "ताई, आता पोरीला पुन्हा कशाला छळायचं?" मी ठामपणे सांगितलं, बसू दे. इथल्या 'ब्राइट फ्यूचर्स' शिष्यवृत्तीत १३४० गुण आणि बाकीच्या अटी जमल्या, तर सरकारी विद्यापीठाची सगळी ट्यूशन फी मिळते. १२१० ला पाऊण. शिवाय वेगवेगळ्या वेळी दिलेल्या परीक्षांमधले इंग्रजी आणि गणिताचे सर्वांत चांगले गुण एकत्र धरतात. तिचे इंग्रजीचे ६९० कुठे जात नाहीत. गणितात ६२० चे ६५० करायचेत. तिचा सराव पेपर मी बारकाईने पाहिला. वर्गसमीकरणं चोख, टक्केवारीची शाब्दिक उदाहरणं मात्र घाईत चुकलेली. हे नक्की सुधारतं.

१४५० मिळवलेल्या मुलाला याच शिष्यवृत्तीसाठी पुन्हा बसवणं मात्र मला अजिबात पटत नाही. त्यातून एक डॉलरही वाढत नाही, पोराचा शनिवार तेवढा जातो. आणि परीक्षेची फी जड जात असेल तर शाळेच्या समुपदेशकांकडे फीमाफीची चौकशी करा. आपली माणसं तिथे उगाच संकोचतात.