तीन चौरस मीटरची हमी

मेहुल चोक्सीच्या प्रत्यार्पणासाठी भारत सरकारने २०२५ साली बेल्जियमला दिलेली लेखी हमी मुळातून वाचण्याजोगी आहे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील बारा क्रमांकाच्या बराकीत त्याला किमान तीन चौरस मीटर जागा, जाड सुती गादी, उशी, चादर, पांघरूण, तीन वेळचे अन्न व औषधोपचार मिळतील, असे तीत नमूद आहे. २०१८ साली विजय मल्ल्याच्या खटल्यात लंडनच्या न्यायालयाने याच बराकीचे चित्रीकरण मागविले होते. या गोष्टींची पुष्कळांनी थट्टा केली. आम्ही त्या थट्टेत सामील नाही.

फरारी मनुष्य पकडला गेला की तो पूर्णपणे परस्वाधीन होतो. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असता जहाज फुटले, तेव्हा कैदी पोहून पळतील या भीतीने त्यांना ठार मारण्याचा शिपायांचा बेत होता. शताधिपतीने तो हाणून पाडला, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. आज ते काम लेखी करार करतात. अबू सालेम २००२ साली लिस्बनमध्ये पकडला गेला आणि तेथील कोठडीत तीन वर्षे काढल्यावर नोव्हेंबर २००५ मध्ये भारताच्या हवाली झाला. पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठीची देहदंडाची शिक्षा १८६७ सालीच रद्द केलेली. त्यामुळे फाशी नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक कैद नाही, असे वचन भारताला द्यावे लागले. पुढे आपल्याच तुरुंगांत २०१० व २०१३ साली त्याच्यावर हल्ले झाले. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जीव गेले. त्यांच्या आप्तांना या वचनाचा संताप यावा, हे आम्ही समजू शकतो. तरीही दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे, असाच निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला, आणि तो योग्यच होय.

आमचे दुःख वेगळे आहे. फादर स्टॅन स्वामी फरारी नव्हते. ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांना रांचीहून मुंबईस आणून तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. कंपवाताने हात थरथरत, म्हणून पाणी पिण्यासाठी नळी व झाकणाचा पेला मिळावा, असा अर्ज त्यांना न्यायालयात करावा लागला आणि त्यावर काही आठवडे गेले. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, ते निवर्तले. त्यांच्यासाठी कोणत्याही परदेशी न्यायाधीशाने बराकीचे चित्रीकरण मागविले नव्हते.

मग मोताळ्याच्या कच्च्या कैद्याची कथा काय सांगावी? त्याला भेटण्यासाठी घरची माणसे मजुरी बुडवून, एस.टी.ने राजूर घाट चढून बुलढाण्याला जातात. तारखेच्या दिवशी बंदोबस्ताला पोलीस नसले की कैदी कोर्टात पोहोचत नाही व पुढची तारीख पडते. सरसकट बेड्या घालू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच बजावले आहे. रस्त्यात मात्र दिसते ते निराळेच. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश कैदी असे कच्चेच आहेत.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला, की तो बंधपत्रावर सुटकेस पात्र होतो. अन्य खटले प्रलंबित असल्यास मात्र ही सवलत नाही. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकाचे कर्तव्य आहे. तुरुंगभेटीस जाणाऱ्या आपल्या धर्मभगिनींनी व तरुणांनी प्रत्येक कैद्याला त्याची अटकेची तारीख अवश्य विचारावी.