जुनी मॅटाडोर आणि श्रावकाचा व्यापार

बजाज टेम्पोची जुनी मॅटाडोर घ्यायची, आत झोपायची बाकं, ओटा, पाण्याची टाकी बसवून विकायची, असा धंदा मुलं काढू म्हणतात. वडीलधारी लगेच 15 कर्मादानांतलं शकटकर्म दाखवतात. नव्या गाड्यांच्या एजन्सीला मात्र आपण पेढे वाटतो! मोडीत जाणारी गाडी वाचवण्यात नवी घडवण्यापेक्षा हिंसा कमीच, असं मला वाटतं. खरा दोष गंजावर पुट्टी भरून रंग मारण्यात आहे. अचौर्य व्रताचा तो अतिचार, प्रतिरूपक व्यवहार. तेव्हा मुलांना अडवू नका, एवढंच बजावा: 15 वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी 5 वर्षांसाठीच वाढते, बदलांना आरटीओची परवानगी लागते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. गंज दाखवा, मग भाव बोला.