रक्त पातळ ठेवण्याचा खर्च

परवा दवाखान्यात एक बाई आल्या. चाळिशीच्या आतल्या, शेतमजुरी करणाऱ्या. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली, म्हणून चार वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून धातूची झडप बसवलेली. सोबतच्या सासूबाई सहज बोलून गेल्या, "गोळी एक दिवसाआड घेते ती. तेवढीच पाकिटाची बचत."

ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरली की झडप अडकते, नाहीतर गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो.

मग आम्ही हिशेब मांडला. असेनोकुमॅरॉलची गोळी महिन्याला दीड-दोनशे रुपयांत भागते. खरा खर्च आहे रक्त किती पातळ झाले हे सांगणाऱ्या आयएनआर तपासणीचा. लॅबचे तीनशे रुपये. जिल्ह्याच्या गावी जाणे-येणे. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे हे खरे, पण बुडालेला रोज कोण देणार? म्हणून बाईंनी तपासणी सोडली. मध्यंतरी हिरडीतून रक्त आले. रक्त जास्त पातळ झाले की काय, हे कळायला मार्ग नाही, म्हणून भीतीने गोळी निम्म्यावर आणली. आपण याला सरसकट अडाणीपणा म्हणतो. मला तसे वाटत नाही.

"तपासणी लागत नाही अशी नवी गोळी द्या," असेही पुष्कळ जण म्हणतात. धातूची झडप असेल तर ती चालत नाही. डाबिगाट्रानचा असा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सांधेतापाने झडप आकसलेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या रुग्णांतही जुनीच गोळी सरस ठरली, हे २०२२ साली दिसले. इथे जुने, स्वस्त औषधच योग्य आहे.

मात्र झडपेचा असा आजार नाही, नुसते ठोके अनियमित आहेत, अशा वयस्कर मंडळींना नवी औषधे चांगली. आपल्या देशात रिव्हारोक्साबानचे पेटंट २०२० मध्ये आणि अपिक्साबानचे २०२२ मध्ये संपले, आता अनेक कंपन्या ती बनवतात. तरीही कित्येकांच्या खिशात जुनीच, महागड्या ब्रँडची चिठ्ठी असते. ती घेऊन डॉक्टरांना पुन्हा विचारा, औषधाचे मूळ नाव लिहून मागा, जनऔषधी केंद्रात चौकशी करा. यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. उलट "परवडते का?" हे आम्हीच आधी विचारायला हवे, आणि आम्ही विचारत नाही. अपिक्साबान दिवसातून दोनदा घ्यायचे असते. संध्याकाळची गोळी वाचवणारे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आहेत, त्यांच्याशी माझे अजून भांडण चालू आहे!

जुन्या गोळीची कंपनी बदलली तर आठवड्याभरात आयएनआर तपासून घ्या. वॉरफरिन आणि असेनोकुमॅरॉल एकमेकांच्या जागी आपल्या मनाने घेऊ नका, दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे नाहीत. आणि कंबर दुखली म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी तर मुळीच नको, रक्तस्राव होऊ शकतो. मेथी, पालक बंद करायची गरज नाही. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवले की झाले.

बोटाच्या टोकाच्या थेंबावर आयएनआर सांगणारे हातात मावेल एवढे यंत्र मिळते. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असावे आणि तपासणी आठवडी बाजाराच्या दिवशी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवशी माणूस गावात येतोच, वेगळा रोज बुडत नाही. तोवर मी आमच्या लॅबवाल्याला गळ घातली आहे. सोमवारी बाजाराला आलेल्या बाईंचे रक्त तो अर्ध्या पैशांत तपासणार आहे, आणि गोळी त्यांनी त्याच दिवसापासून रोजची सुरू केली आहे.