बॅटरीचे ड्रिल घेताना



ठिबकाच्या सबमेनला ग्रोमेटची भोके पाडायला आपली पोरं आता बॅटरीचे ड्रिल घेतात. बरोबरच आहे, रानात वायर कुठवर ओढणार? पण दुकानात ‘हे २० व्होल्टचं, जादा ताकदीचं’ ऐकून पैसे मोजतात, ते मला पटत नाही. डिवॉल्टवर २० लिहितात, बॉश-मकितावर १८. आत दोन्हीकडे एकापुढे एक जोडलेले लिथियमचे ५ सेल. भरल्यावर, भार नसताना सेल ४ व्होल्टचा, म्हणून २०, कामात ३.६ चा, म्हणून १८. फरक फक्त पाटीचा.

बघायचे ते अँपिअर-अवर. १८ गुणिले २ म्हणजे ३६ वॅट-अवर, गुणिले ५ म्हणजे ९०. काम अडीच पट, पण वजनही जास्त.

माझे मत, फिटरने दोन लहान बॅटऱ्या घ्याव्यात. एक कामावर, एक चार्जरवर. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या ड्रिलला बसत नाही, तेव्हा तालुक्यात बॅटरी व दुरुस्ती कोणाची मिळते ते आधी विचारा. मी न विचारता घेतले. बॅटरी बसली, ड्रिल कपाटात गेले अन् लावणीला पाणी चार दिवस उशिरा मिळाले.

बॅटरी उन्हात ठेवू नका. तापलेली असेल तर निवल्यावरच चार्जिंगला लावा.

– ऊस विकास अधिकारी