उंचापुरा मुलगा पाहिजे

जून संपत आला की आमच्या टोरांटोत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. एनएचएलचा ड्राफ्ट! नाशिकची काकू हा ब्लॉग नेमाने वाचते आणि दर वेळी फोनवर विचारते, "हॉकी म्हणजे आपल्या ध्यानचंदांची ना रे?" नाही काकू, ही बर्फावरची. तेव्हा आधी थोडक्यात सांगतो, माहीत असलेल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.

लीगमध्ये आता बत्तीस टीम आहेत. दर वर्षी अठरा वर्षांच्या आसपासची नवी पोरं निवडायची, एकूण सात फेऱ्या. प्लेऑफमध्ये न पोचलेल्या सोळा टीमचे नंबर आधी, त्यातही अगदी वरच्या नंबरांसाठी लॉटरी. मग प्लेऑफवाल्या टीम, आणि स्टॅन्ले कप जिंकलेली टीम सगळ्यात शेवटी. म्हणजे टीम बऱ्यापैकी चांगली असली की तिच्या वाट्याला पहिल्या फेरीतला विसावा, पंचविसावा, तिसावा असा नंबर येतो. तोपर्यंत ज्यांच्याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे ती पोरं संपलेली असतात. उरलेल्या प्रत्येकात काहीतरी खोट असते. कुणी बुटका, कुणी हडकुळा, कुणी संथ, कुणी बचावात कच्चा.

माझं भांडण इथूनच सुरू होतं. या नंबरावर आल्यावर भल्याभल्यांच्या अंगात वधूपिता संचारतो. उंचापुरा, धट्टाकट्टा, निर्व्यसनी, सुस्वभावी मुलगा पाहिजे! फार काही करणार नाही कदाचित, पण घर चालवेल. हॉकीच्या भाषेत असा मुलगा म्हणजे 'सेफ पिक'. तिसऱ्या-चौथ्या लाइनवर खेळेल, धक्के मारेल, चुका करणार नाही. माझं म्हणणं असं आहे की या नंबरावरचा सेफ पिक हा सेफ तर नसतोच, वर महागही असतो.

उदाहरणं लांबून कशाला आणू? आमच्या मेपल लीफ्सचीच घ्या. १९६७ नंतर ज्यांनी कप पाहिलेला नाही त्यांच्याकडे उदाहरणांची काय कमतरता!

२०११ साली लीफ्सकडे तिसावा आणि एकोणचाळिसावा असे दोन नंबर होते. ते दोन्ही अनाहाइमला देऊन त्यांनी बाविसावा नंबर मिळवला आणि टायलर बिग्ज हा दांडगा फॉरवर्ड घेतला. तेव्हाचे जनरल मॅनेजर ब्रायन बर्क. त्यांना अंगावर जाणारे धिप्पाड खेळाडू आवडत, आणि ते हे लपवतही नसत. बिग्ज एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. आणि अनाहाइमने त्या दोन नंबरांवर कोण घेतलं? तिसाव्यावर रिकार्ड राकेल, ज्याने पुढे २०१६-१७ आणि २०१७-१८ मध्ये अनुक्रमे ३३ आणि ३४ गोल केले. एकोणचाळिसाव्यावर जॉन गिब्सन, जो पुढे कितीतरी वर्षं त्यांचा मुख्य गोलकीपर होता.

बिग्जवर माझा काडीचा राग नाही हं. अठरा वर्षांचं पोर, त्याने काय स्वतःला निवडलं होतं? राग आहे तो मापं घेणाऱ्यांवर.

२०१३. नंबर एकविसावा. लीफ्सनी फ्रेडरिक गोतिए घेतला, जवळपास साडेसहा फुटी सेंटर. हा मात्र खेळला, चौथ्या लाइनवर, इमानेइतबारे. म्हणजे सेफ पिकवाल्यांच्या हिशोबाने हे यशच. पण त्याच्या मागे तेविसाव्यावर वॉशिंग्टनने आंद्रे बुराकोव्स्की उचलला आणि सव्विसाव्यावर अनाहाइमने शे थिओडोर. बुराकोव्स्कीच्या हातात पुढे दोन वेळा कप आला, २०१८ मध्ये वॉशिंग्टनबरोबर आणि २०२२ मध्ये कोलोरॅडोबरोबर. थिओडोरने २०२३ मध्ये व्हेगासबरोबर जिंकला.

२०१६. ऑस्टन मॅथ्यूज पहिल्या नंबरावर मिळाला, त्यात आमची अक्कल काही लागली नाही. पुढचा नंबर एकतिसावा, तेव्हा तीसच टीम होत्या, म्हणजे दुसऱ्या फेरीतला पहिला. समोर ॲलेक्स डीब्रिंकॅट होता. ईरीच्या ज्युनियर टीमकडून लागोपाठ दोन सीझन ५१-५१ गोल! उंची मात्र पाच फूट सात-आठ इंच. लीफ्सनी येगोर कोर्शकोव्ह हा उंच रशियन घेतला. त्याच्या नावावर एनएचएलचा एक सामना आणि एक गोल आहे. डीब्रिंकॅटला शिकागोने एकोणचाळिसाव्यावर घेतलं, आणि त्याने त्यांच्यासाठी दोनदा सीझनमध्ये ४१ गोल केले.

आता तुम्ही म्हणाल, निकाल लागल्यावर शहाणपण कुणीही शिकवेल. कबूल. हातात कसब असलेली पोरंही फसतात. २००४ मध्ये एडमंटनने पंचविसाव्या नंबरावर रॉब श्रेम्प घेतला होता. त्याच्या काठीत जादू होती, पण एनएचएलमध्ये काही त्याचा जम बसला नाही. म्हणूनच माझा मुद्दा 'कोण फसलं' हा नाहीच. फसल्याने तुमचं जातं काय, हा आहे.

हिशोब सोपा आहे. चौथ्या लाइनवरचा धडधाकट, कष्टाळू खेळाडू एक जुलैला बाजार उघडला की किमान पगाराच्या आसपास मिळतो. दर वर्षी मिळतो. त्यासाठी ड्राफ्टचा पहिल्या फेरीतला नंबर कशाला जाळायचा? तीस-चाळीस गोल करणारा मात्र बाजारात स्वस्तात कधीच येत नाही. सॅलरी कॅपच्या या जमान्यात तो स्वस्त असतो फक्त पहिल्या कराराच्या तीन वर्षांत, आणि तो करार ज्याने ड्राफ्टमधून पोरगा आणला त्याच्याच हातात असतो. म्हणजे कसबी पोरगा फसला तर तुमचा एक चौथ्या लाइनवाला गेला, जो बाजारात पडलाय. आणि लागला तर? २०१४ मध्ये बॉस्टनने पंचविसाव्या नंबरावर डेव्हिड पास्तरनाक नावाचं एक हडकुळं चेक पोर उचललं होतं. लीफ्सच्या चाहत्याला त्याच्याबद्दल आणखी काही विचारू नका, जखम ओली आहे.

"पण प्लेऑफमध्ये अंगच लागतं!" हा आमच्या ऑफिसातल्या मित्राचा हुकमी एक्का. शिवाय बर्क यांनी २००७ मध्ये दांडग्या अनाहाइमला कप मिळवून दिला होता, हेही तो सांगतो. खरंय. पण त्या टीममधले गेट्झलाफ आणि पेरी आठवा. २००३ च्या ड्राफ्टमधले, एकोणिसावा आणि अठ्ठाविसावा नंबर, बर्क तिथे येण्याच्या आधी निवडलेले. दोघेही उंच, पण गाजले ते हातांमुळे आणि डोक्यामुळे. उंची असली तर उत्तमच, पण ती कसबाच्या जागी घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

मग एवढी शहाणी माणसं असं का करतात? मला वाटतं, भीतीपोटी. उंचापुरा मुलगा फसला की लोक म्हणतात नशीब. बुटका फसला की म्हणतात, "दिसत होतं की आम्हाला!" निवडणारा टीमसाठी नाही, स्वतःची लाज राखण्यासाठी निवडतो.

हे मी इतक्या तावातावाने लिहितोय त्याला घरचंही एक कारण आहे. २०१४ मध्ये आमचा मुलगा अकरा वर्षांचा होता आणि जॉनी गॉड्रो त्याचा देव. कॅल्गरीने २०११ मध्ये एकशे चौथ्या नंबरावर उचललेला हा छोटासा खेळाडू तेव्हा नुकता गाजू लागला होता. मुलगा वरच्या गटाच्या निवडचाचणीला गेला. त्याच्या काठीवर पक चिकटल्यासारखा राहायचा, हे बापाचं कौतुक सोडा, इतर पालकही म्हणायचे. कोचने मला पार्किंगमध्ये बाजूला घेऊन सांगितलं, "हात छान आहेत हो, पण अंग नाही. आम्ही जरा मोठी मुलं घेतोय."

तो एनएचएलमध्ये गेला असता असं मी मुळीच म्हणत नाही. लाखात एखादा जातो. मला टोचतं ते वेगळंच. कोचचं ऐकून मी मान डोलावली. घरी येताना गाडीत मी त्याला म्हणालो, "बरोबरच आहे बाळा त्यांचं, तुझी उंची कुठेय?" तो खिडकीबाहेर बघत बसला. मी एक शब्द त्याच्या बाजूने बोलू शकलो असतो, आणि मी सेफ पिक केला.

ऑगस्ट २०२४ मध्ये गॉड्रो अपघातात गेला, त्या रात्री मुलाने वसतिगृहातून फोन केला होता. फारसं बोलला नाही.

असो. यंदाही ड्राफ्टला आम्ही दोघं सोफ्यावर बसू. पहिल्या फेरीच्या शेवटी कुणीतरी धिप्पाड मुलगा टोपी घालून हसेल आणि समालोचक म्हणेल, सेफ पिक. त्या वेळी टीव्हीवर पहिलं ओरडायचं कुणी, एवढंच ठरायचंय. मी त्यालाच ओरडू देणार आहे.