छोटी गाडी, मोठा पिकअप

गाडी घ्यायची म्हटले की आपल्या सीमाभागातल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती? हल्ली मात्र मुले आधी दुसरेच विचारतात: पिकअप कसा आहे? दिसायला छोटी, पण इंजिन दांडगे, अशा गाडीला 'हॉट हॅच' म्हणतात. १९७६ साली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय जर्मनीत विक्रीला आली आणि हा प्रकार जगभर गाजला. आपल्याकडे ती गोल्फ २०२५ मध्ये आली, किंमत सुमारे ५३ लाख! तिचा फोटो बघावा आणि गप्प बसावे. आपण आपल्या आवाक्यातल्या गाड्यांविषयी बोलू.

माझे निम्मे गणगोत डिचोली आणि पेडण्यात. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की कुणाची ना कुणाची गाडी हातात येते. अशा चार गाड्या मी घाटात, गावात आणि हमरस्त्यावर चालवल्या.

पहिली मेहुण्यांची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटर टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा ऑटोमॅटिक. कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्याच्या चौपदरी रस्त्याला लागलो की ही गाडी रस्त्याला चिकटून धावते. वेग वाढला तरी आतल्या माणसाला कळत नाही, आणि हाच तिचा गुण तसाच धोकाही. मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या रांगेत मात्र ती किंचित अडखळते.

दुसरी भाच्याची अबार्थ पुंटो. १.४ लिटर, १४५ अश्वशक्ती. सुरुवातीला झोपलेली वाटते, टर्बो जागा झाला की पाठ सीटला टेकते. स्टिअरिंग जड, पण रस्त्याचा खडा न् खडा हाताला सांगते. गाडी जमिनीला जवळ, त्यामुळे मांद्रे-हरमलच्या गावरस्त्यांवरचे गतिरोधक तिरके घ्यावे लागतात. तरुणाला प्रेमात पाडील, आईला मागे बसवून नेताना शिव्या खाईल.

तिसरी पुतणीची आय-ट्वेंटी एन लाइन. १ लिटर, तीन सिलिंडर, १२० अश्वशक्ती. साध्या आय-ट्वेंटीपेक्षा सस्पेन्शन थोडे ताठ, पण चालवायला सोपी. डिचोलीहून अस्नोड्याकडे जाताना वळणांवर ती बिनतक्रार वळते. चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि ते अबार्थलाही आहेत.

चौथी एका स्नेह्यांची अल्ट्रोझ रेसर. २०२४ साली आलेली, १.२ लिटर टर्बो, तीही १२० अश्वशक्तीची, सहा गिअर, सगळे हाताने टाकायचे. पोलोइतकी गुळगुळीत नाही; पण दारे थेट नव्वद अंशांत उघडतात, गुडघे दुखणाऱ्या आजीला हे टर्बोपेक्षा मोलाचे. शिवाय साध्या अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते. त्या वेळच्या आय-ट्वेंटीला २०२२ मध्ये तीन मिळाले.

आता सांभाळण्याचे बघू. अबार्थ आणि पोलो दोन्ही आपल्या पुणे जिल्ह्यात बनायच्या, एक रांजणगावला, दुसरी चाकणला. फियाटने इथला कारभार गुंडाळला आणि पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. पोलोचे बरेच सुटे भाग मिळतात, पण त्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम निघाले तर खिसा रिकामा होतो. अबार्थ घेणाऱ्याने आधी मेकॅनिक शोधावा, मग गाडी. सोळा इंची चाकांचे टायर पातळ कडेचे असतात. पावसाळ्यात खड्ड्यात आदळले की टायरबरोबर रिमही जाते. टर्बो इंजिनाला ऑइल वेळेवर हवेच. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नये, अर्धा मिनिट इंजिन नुसते चालू ठेवावे. डिचोलीची तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर भरते आणि पेडण्याची खारी हवा खालचा पत्रा खाते.

आपल्यासारख्या दोन राज्यांत घर असलेल्यांना आणखी एक गोष्ट. गोव्याच्या नंबरची जुनी गाडी स्वस्त मिळाली म्हणून बेळगावला आणली, तर बारा महिन्यांपुढे ती तशीच ठेवता येत नाही. ना-हरकत दाखला, नवी नोंदणी आणि कर्नाटकचा कर हे सगळे हिशेबात धरून मगच 'स्वस्त' म्हणावे.

पण खरा हिशेब पैशांचा नाहीच. साखळी-डिचोलीच्या अरुंद रस्त्यावर पुढे खनिजाचा ट्रक, समोरून कदंब बस, आणि पायाखाली शंभरावर घोडे. साध्या गाडीत आपण थांबलो असतो. टर्बोवाल्या गाडीत वाटते, निघून जाऊ! २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत गोव्यातल्या रस्त्यांवर दरवर्षी अडीचशेहून जास्त माणसे गेली. छोट्याशा राज्यात हा आकडा काळजाला चटका लावतो. ताकद असते ती लवकर निघून जाता यावे म्हणून, पण ती वापरायची समोरचा रस्ता पूर्ण दिसेल तेव्हाच. 'सावकाश' हा शब्द मराठीत आहे आणि आपल्याकडच्या कन्नडमध्येही आहे, 'सावकाश होगरी' म्हणतातच ना!

मला विचाराल तर हौसेला अबार्थ, लांब पल्ल्याला पोलो, रोजच्या घरगुती वापराला आय-ट्वेंटी आणि आजी-नातवंडांसह फिरायला अल्ट्रोझ. घरातला तरुण हट्ट धरून बसला असेल तर नाही म्हणू नका. टेस्ट ड्राइव्हला मात्र घरच्या चौघांनी मिळून जा, त्यालाच चालवायला द्या, आणि तो कसा पळवतो यापेक्षा वळणाआधी ब्रेक कधी दाबतो ते बघा. कुठली गाडी घ्यायची ते त्यावरून ठरेल, आणि आत्ताच घ्यायची की दोन वर्षांनी, तेही.